केल्टिक भाषांचे विद्यापीठीय अध्ययन आणि पालीचे अभ्यासक

खुद्दकनिकायातील 'इतिवुत्तक' हा आकाराने लहान ग्रंथ आहे. त्यात एकूण ११२ सुत्ते आहेत. अट्ठकथेच्या परंपरेनुसार कोसंबी नगरीतील खुज्जुत्तरा नावाच्या दासीने ही सुत्ते भगवान बुद्धांच्या मुखातून ऐकली, राणी सामावती व तिच्या अंतःपुरातील स्त्रियांना ती जशीच्या तशी सांगितली आणि पुढे तिच्या स्मरणातूनच ती संघापर्यंत पोहोचली. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत उपासिकांमध्ये खुज्जुत्तरेला अग्रस्थान दिलेले आढळते. पुढे सुमारे चोवीस शतकांनी, १८८९ मध्ये, लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने हा ग्रंथ रोमन लिपीत छापला. त्याच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचे प्राध्यापक एर्न्स्ट विंडिश यांचे नाव आहे.

हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्याच्या विहारात वर्षावासाच्या निमित्ताने या ग्रंथावर बोलण्याचा योग आला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपल्यानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, खुज्जुत्तरा समजली. पण हे विंडिश कोण? त्यांचे आपल्या सुत्तांशी काय नाते?" त्या वेळी मी त्रोटक उत्तर दिले. विंडिश हे संस्कृत व पालीचे पंडित होते, एवढेच सांगितले. परंतु ते उत्तर अपुरे होते. विंडिश हे आयरिश भाषेचेही तितकेच मोठे अभ्यासक होते. ज्या केल्टिक अध्ययनाच्या शाखा आज युरोपातील अनेक विद्यापीठांत दिसतात, त्या शास्त्राच्या पायाभरणीत त्यांचा वाटा आहे. पाली आणि आयरिश या दोन दूरच्या भाषा एकाच विद्वानाच्या मेजावर कशा आल्या, आणि त्या इतिहासातून पालीच्या आजच्या अभ्यासकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

केल्टिक हे एका भाषाकुलाचे नाव आहे. आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि मॅन बेटावरील मँक्स या भाषांचा एक गट, तर वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या वायव्य टोकाची ब्रेतॉन यांचा दुसरा गट. ख्रिस्तपूर्व काळात या कुलातील भाषा युरोपच्या मोठ्या भूभागावर बोलल्या जात होत्या. पुढे रोमन साम्राज्य, जर्मानिक टोळ्या आणि अखेरीस इंग्रजी व फ्रेंच यांच्या रेट्याखाली त्या मागे सरत सरत अटलांटिक महासागराच्या काठाशी येऊन थांबल्या.

या भाषांचे आपल्या भाषांशी नाते आहे, हे भारतातही बोलले गेले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या सुप्रसिद्ध भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला, तेव्हा गॉथिक व केल्टिक याही त्याच उगमाच्या असाव्यात असे त्यांनी सुचविले होते. जोन्स यांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटाचे होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जोन्स यांनी केवळ सुचविलेली ही गोष्ट १८३८ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात सप्रमाण मांडली.

वाचकांनी स्वतः काही शब्द ताडून पाहावेत. प्राचीन आयरिशमध्ये राजाला 'री' म्हणतात. घोड्याला 'एख' म्हणतात. संस्कृत 'अश्व' आणि पाली 'अस्स' ही त्याचीच भावंडे होत. पाली 'नाम' आणि मराठी 'नाव' यांच्याशी आयरिश 'आन्म' जुळतो. सात, आठ व दहा यांना पालीत सत्त, अट्ठ, दस म्हणतात, तर प्राचीन आयरिशमध्ये सेख्त, ओख्त, देख असे शब्द येतात. 'पिता' या शब्दाचा आयरिश भाऊ मात्र 'अथिर' असा आहे, कारण केल्टिक कुलात शब्दारंभीचा मूळ 'प' लोप पावतो. असे ध्वनिनियम हाती आल्यावरच या भाषांचे अध्ययन अंदाजाच्या पातळीवरून शास्त्राच्या पातळीवर गेले.

हे शास्त्र उभे करणारे योहान कास्पार त्सॉइस हे बव्हेरियातील एक अध्यापक होते. १८५३ मध्ये त्यांनी लॅटिन भाषेत केल्टिक व्याकरणाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी साधने कोठून मिळविली, हे बौद्ध अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. आयर्लंडचे ख्रिस्ती भिक्षू मध्ययुगात युरोपभर हिंडत असत. लॅटिन धर्मग्रंथ शिकताना ते ओळींच्या मधल्या जागेत व समासात कठीण शब्दांचे अर्थ आपल्या मातृभाषेत लिहून ठेवीत. आठव्या-नवव्या शतकांतील अशा टिपणांची हस्तलिखिते जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग, स्वित्झर्लंडमधील सेंट गाल व इटलीतील मिलान येथे सुरक्षित राहिली. त्या काळच्या आयरिश भाषेची इतकी विपुल साधने प्रत्यक्ष आयर्लंडमध्येही उरलेली नव्हती. पालीचा तिपिटक भारतातून नाहीसा झाला आणि सिंहल, ब्रह्मदेश व सयाम येथील संघाने तो सांभाळला, त्याच प्रकारची ही घटना आहे. ज्या भूमीत भाषा जन्मली तेथे तिचे ग्रंथ नष्ट व्हावेत आणि चीवरधारी प्रवाशांनी परक्या भूमीत नेलेले टिकावेत, हे इतिहासात एकदाच घडलेले नाही.

या शास्त्राचा एक धागा थेट हिंदुस्थानच्या कायद्याशी जोडलेला आहे. व्हिट्ली स्टोक्स यांचा जन्म १८३० मध्ये डब्लिन येथे झाला. व्यवसायाने ते कायदेपंडित होते. १८६२ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेसदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा संमत झाला. आज हिंगोली, वसमत वा कळमनुरी येथील न्यायालयांत शेतजमिनीच्या खरेदीखताचा वा गहाणाचा वाद उभा राहतो, तेव्हा वकील ज्या कायद्याची कलमे वाचून दाखवितात तोच हा कायदा. दिवसा कायद्यांचे मसुदे करणारे हे गृहस्थ उरलेल्या वेळात प्राचीन आयरिश टिपणांचे वाचन करीत असत. १८६६ मध्ये त्यांनी गेलिक हस्तलिखितांवरील आपला ग्रंथ कलकत्त्यास छापला. ट्रॉय नगरीच्या विनाशाची मध्ययुगीन आयरिश कथाही त्यांनी कलकत्त्यासच मुद्रित करून घेतली. केल्टिक अध्ययनाच्या आरंभीच्या मौल्यवान ग्रंथांपैकी काहींवर डब्लिन वा लंडन यांऐवजी कलकत्त्याचे नाव आहे, ते यामुळे.

प्राचीन आयरिश कायद्यात एक चाल आढळते. कर्जदार जर उच्चपदस्थ असेल तर धनकोने थेट जप्ती करावयाची नाही. प्रथम त्याच्या दाराशी उपाशी बसावयाचे. दार न उघडता, हमी न देता जेवणाऱ्या कर्जदाराची प्रतिष्ठा व कायदेशीर हक्क दोन्ही बुडत. मराठीत ज्याला आपण 'धरणे धरून बसणे' म्हणतो, त्याचेच हे रूप होय. सर हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या साम्याकडे लक्ष वेधले. पुढे माइल्स डिलन या आयरिश विद्वानाने अशा साम्यांचा साकल्याने विचार केला. डब्लिनमध्ये संस्कृत शिकविणाऱ्या डिलन यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला. मात्र अशी साम्ये पाहताना एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन समाजांत एकच चाल दिसली म्हणजे ती एकाच पूर्वजाकडून आली असे सिद्ध होत नाही. दुर्बल माणसाला बलवानाच्या दाराशी उपाशी बसण्याखेरीज दुसरे साधन नसणे, ही स्थिती कोणत्याही देशात उद्भवू शकते.

आता विंडिश यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८४४ चा. तरुणपणी लंडन येथे इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातील संस्कृत हस्तलिखितांवर त्यांनी काम केले. १८७७ पासून ते लाइपझिग येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. १८७९ मध्ये त्यांनी आयरिश भाषेचे संक्षिप्त व्याकरण लिहिले, १८८० पासून आयरिश संहितांची ग्रंथमाला सुरू केली, आणि पुढे त्या मालेत स्टोक्स यांचे सहकार्य त्यांना लाभले. याच काळात त्यांनी इतिवुत्तकाचे संपादन केले. १८९५ मध्ये मार आणि बुद्ध यांच्या कथांवरील व १९०८ मध्ये बुद्धजन्माच्या कथेवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पाली व संस्कृत साधने शेजारी ठेवून मारकथेची वाढ कशी झाली हे पाहण्याची त्यांची पद्धत आजही उपयुक्त आहे. तीच पद्धत त्यांनी आयरिश वीरकथांच्या निरनिराळ्या पाठांना लावली होती.

विद्यापीठांत केल्टिकची अध्यासने याच सुमारास निर्माण झाली. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी केल्टिक साहित्याच्या अध्ययनावर दिलेली व्याख्याने १८६७ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि ऑक्सफर्ड येथे अध्यासनाची मागणी पुढे आली. १८७७ मध्ये तेथील जीझस कॉलेजशी संलग्न असे अध्यासन स्थापन झाले. एडिंबरा येथे १८८२ मध्ये, ग्रीकचे प्राध्यापक ब्लॅकी यांनी गोळा केलेल्या लोकवर्गणीतून, दुसरे अध्यासन उभे राहिले. लंडन येथे पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना १८८१ ची. तिचे संस्थापक टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स हेही वेल्श कुळातील होते. म्हणजे केल्टिक व पाली या दोन्ही अध्ययनशाखा अक्षरशः एका पिढीच्या बहिणी आहेत.

येथपर्यंतचा वृत्तांत गौरवाचा आहे. परंतु याच दशकांतील दुसरा वृत्तांत वाचल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. लाइपझिग, बर्लिन व ऑक्सफर्ड येथे प्राचीन आयरिशच्या एकेका प्रत्ययाचा विचार चालला होता, तेव्हा प्रत्यक्ष आयर्लंडमध्ये आयरिश बोलणारी माणसे झपाट्याने कमी होत होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला. मेलेल्यांत व परागंदा झालेल्यांत आयरिश बोलणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचे प्रमाण मोठे होते. १८३१ पासून उघडलेल्या सरकारी शाळांचे माध्यम इंग्रजी होते. परदेशी जाऊन पोट भरावयाचे तर इंग्रजीच हवी, म्हणून आईबापांनीही मुलांशी आयरिश बोलणे सोडले. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १८९१ मध्ये ते ७ लाखांहूनही कमी उरले.

मराठवाड्याच्या वाचकाला ही स्थिती निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. पण ती भाषा येथील मराठी, तेलुगू वा कन्नड शेतकऱ्याच्या घरातील नव्हती. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात १७९ भाषा व ५४४ बोलींची नोंद झाली. परंतु हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या क्षेत्राबाहेर राहिले. मराठीवर त्या सर्वेक्षणाचा स्वतंत्र खंड आहे, तरी कयाधूकाठची बोली प्रत्यक्ष ऐकून टिपून घेण्याचा प्रसंग त्यात आला नाही.

भाषेचे पंडित आणि भाषेचे बोलणारे यांच्यातील हे अंतर १८९९ मध्ये डब्लिन येथे उघडपणे पुढे आले. माध्यमिक शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आयरिश भाषेचे अभ्यासक्रमातील स्थान चर्चेला होते. ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी तिच्या विरुद्ध साक्ष दिली. ॲटकिन्सन हे सामान्य गृहस्थ नव्हते. ते संस्कृतचे प्राध्यापक होते, मध्ययुगीन आयरिश ग्रंथांचे संपादक होते; वर उल्लेखिलेले ग्रिअर्सन हे त्यांचेच शिष्य. तरीही या भाषेच्या साहित्यात उदात्त असे फारसे काही नाही, तिच्या लोककथा हीन दर्जाच्या आहेत आणि शाळकरी मुलांच्या हाती ते देणे इष्ट नाही, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता. जिच्या प्राचीन ग्रंथांवर त्यांची विद्वत्ता उभी होती, ती भाषा जिवंत मुलांच्या तोंडी त्यांना नको होती.

विरुद्ध बाजूने डग्लस हाइड उभे राहिले. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगचे ते अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांकडून त्यांनी गाणी व कथा टिपून घेतल्या होत्या. त्यांनी युरोपातील केल्टिक पंडितांना पत्रे लिहून त्यांचे अभिप्राय मागविले आणि ते आयोगापुढे ठेवले. त्या अभिप्रायांत लाइपझिगहून आलेला विंडिश यांचा अभिप्रायही होता. आयरिशच्या अध्ययनाला शिक्षणदृष्ट्या मोल आहे, अशीच या पंडितांची साक्ष होती. परिणामी माध्यमिक परीक्षेतील आयरिशचे स्थान टिकले. इतिवुत्तकाच्या संपादकाचा हा प्रसंग पालीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावा असे मला वाटते. एकाच शास्त्राचे दोन जाणकार. एकाने आपले ज्ञान बोलणाऱ्यांच्या विरुद्ध वापरले, दुसऱ्याने त्यांच्या बाजूने.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. जर्मन विद्वान कुनो मायर यांनी १९०३ मध्ये डब्लिन येथे आयरिश विद्येची शाळा काढली. प्राचीन आयरिश शिकण्यासाठी आयरिश तरुणाला जर्मनीस जावे लागू नये, हा तिचा हेतू होता. १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झाले आणि १९१३ पासून त्याच्या प्रवेशासाठी आयरिश आवश्यक ठरली. हाइड हे त्या विद्यापीठात आधुनिक आयरिशचे प्राध्यापक आणि पुढे १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९४० मध्ये डब्लिनच्या उच्च अध्ययन संस्थेत केल्टिक अध्ययनाचा स्वतंत्र विभाग निघाला. विद्या स्वदेशी परतली. तथापि घराघरांतील भाषा त्या प्रमाणात परतली नाही. आज आयर्लंडमध्ये शाळेत आयरिश शिकलेले लोक पुष्कळ आहेत. रोजच्या व्यवहारात ती वापरणारे थोडे आहेत.

वेल्सचा अनुभव यापेक्षा वेगळा आहे. तेथेही शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविण्याची चाल होती. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला अज्ञानाचे व दुराचाराचे मूळ ठरविले होते. परंतु तेथे एक गोष्ट आयर्लंडहून निराळी घडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस चार्ल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थनामंदिरांतून रविवारच्या शाळा सुरू केल्या. या शाळांत मुलांबरोबर शेतमजूर, खाणकामगार आणि वृद्ध स्त्रियाही बसत. तेथे धर्मग्रंथ केवळ म्हटला जात नसे. अक्षर ओळखून, ओळ वाचून, तिच्या अर्थावर प्रश्नोत्तरे होत, आणि हे सर्व वेल्शमधून चाले. सोमवार ते शनिवार शाळेने जे हिरावून घेतले, ते रविवारने परत दिले.

या वाचकवर्गातूनच वेल्सचे विद्यापीठ निघाले. १८७२ मध्ये ॲबरिस्टविथ येथे, समुद्रकाठच्या एका अपुऱ्या राहिलेल्या हॉटेलच्या इमारतीत, २६ विद्यार्थ्यांसह पहिले महाविद्यालय उघडले. सरकारी मदत नव्हती. १८७५ मध्ये एक रविवार 'विद्यापीठाचा रविवार' म्हणून पाळण्यात आला आणि प्रार्थनामंदिरांतून गरिबांची नाणी गोळा झाली. ऑक्सफर्डचे पहिले केल्टिक प्राध्यापक जॉन ऱ्हीस हेही वेल्समधील एका सामान्य शेतकऱ्याचे पुत्र होते. अध्यासनावर बसलेला माणूस ती भाषा आईकडून शिकलेला होता. वेल्श भाषेचीही पुढे पीछेहाट झाली. १९०१ मध्ये निम्मी लोकसंख्या ती बोलत होती. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार माणसांनी, म्हणजे १७.८ टक्के लोकांनी, ती येत असल्याचे सांगितले. तरी केल्टिक भाषांमध्ये आज सर्वांत सुस्थित तीच आहे.

या तुलनेला एक मर्यादा आहे आणि ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आयरिश व वेल्श या मातृभाषा आहेत. पाली आज कोणाचीही मातृभाषा नाही. तिला घरात बोलावयास लावणे हे आपले ध्येय नाही. तिची तुलना करावयाची तर त्सॉइस व विंडिश यांच्या प्राचीन आयरिशशी करता येईल. मात्र एक फरक आपल्या बाजूचा आहे. प्राचीन आयरिश आज कोणत्याही खेड्यात सामुदायिकपणे म्हटली जात नाही. पाली म्हटली जाते. हिंगोली, सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी आणि वसमत या पाचही तालुक्यांतील विहारांत त्रिसरण-पंचशील व वंदना लहान मुलांना पाठ आहेत. त्यांपैकी बहुतेकांना शब्दांचा अर्थ कोणी सांगितलेला नाही, ही आपली उणीव आहे.

महाराष्ट्रातील पालीच्या विद्यापीठीय अध्ययनाचा आरंभ लोकांच्या जवळ जाण्याच्या हेतूनेच झाला होता. गोव्याहून निघालेले धर्मानंद कोसंबी काशी, नेपाळ, सिंहल व ब्रह्मदेश असा प्रवास करून पाली शिकले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकविली आणि बौद्ध धर्मावर सोप्या मराठीत ग्रंथ लिहिले. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती काढली. रोमन लिपीतील पाली येथील वाचकाच्या लिपीत आणण्याचा तो प्रयत्न होता. शाळेत संस्कृत शिकण्याचा मार्ग ज्यांना जन्मावरून बंद करण्यात आला होता, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पालीचे व्याकरण व शब्दकोश तयार करण्याचे काम हाती घेतले. ते साहित्य बौद्ध पूजापाठासह महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. शब्दकोश आणि पूजापाठ एकाच खंडात असावेत, हे मला अर्थपूर्ण वाटते. १९५० मध्ये औरंगाबाद येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने उघडलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले. नागसेन स्थविरांना निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव आहे.

त्यानंतर अध्यासने झाली, विभाग झाले, पदव्या झाल्या. औरंगाबाद व नागपूर येथील विद्यापीठांतून पालीचे पदवीधर निघाले. २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या ऐच्छिक विषयांतून पाली वगळली गेली, तेव्हा आमच्या वर्गांतील गर्दी ओसरली. त्या प्रसंगी आम्हा अध्यापकांना एक कटू सत्य कळले. कित्येक वर्षे आम्ही जे शिकविले ते गुणांसाठी होते, आणि गुणांचा आधार जाताच विद्यार्थी गेला. त्या विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गात शिकलेली गाथा गावच्या विहारात नेऊन उलगडून सांगण्याचे काम आम्ही त्यांच्यावर कधी सोपविलेच नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. हे स्वागतार्ह आहे. या दर्जामुळे संशोधनाला साहाय्य व अध्ययनकेंद्रांना बळ मिळू शकते. परंतु आयर्लंडचा इतिहास सांगतो की, अध्यासनांनी संहिता वाचते, कोश तयार होतात, चुकीचे पाठ दुरुस्त होतात. वाचणारा समाज मात्र त्यांनी आपोआप तयार होत नाही. तो वेल्सच्या रविवारच्या शाळांनी तयार केला.

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानली गेलेली नरसी याच जिल्ह्यात आहे. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात गुरुमुखी लिपीत जतन झालेली आहेत. पंजाबात ती सातशे मैलांहून दूरच्या माणसांच्या मुखी राहिली, कारण तेथे ग्रंथ जपला गेला आणि संगतीत तो नित्य म्हटला व समजावूनही सांगितला गेला. परक्या प्रदेशात असे होऊ शकते, तर ज्या गावांत वंदना मुखोद्गत आहे तेथे ते होण्यास अडचण कोणती?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास पालीच्या अर्थवाचनासाठी ठेवावा. आरंभ व्याकरणाच्या तक्त्यांनी करू नये. जी वंदना मुलांना पाठ आहे तिचाच एकेक शब्द घ्यावा, त्याचे मराठीतील रूप शोधावे. सत्त म्हणजे सात, नाम म्हणजे नाव, येथून सुरुवात करावी. नंतर धम्मपदाकडे व इतिवुत्तकाकडे वळावे. पालीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्षातून काही आठवडे अशा वर्गासाठी द्यावेत आणि त्याच्या अध्यापकाने त्याच्यासोबत जावे. विद्यापीठाने विहाराला शुद्ध पाठ द्यावा, विहाराने विद्यापीठाला प्रश्न विचारणारा विद्यार्थी द्यावा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी पुढील वर्षावासात देईन. खुज्जुत्तरेने ऐकले, लक्षात ठेवले आणि सांगितले. विंडिश यांनी हस्तलिखिते ताडून ते छापले, आणि प्रसंग आला तेव्हा एका दूरच्या देशातील मुलांच्या भाषेसाठी साक्षही दिली. त्या विहारात इतिवुत्तकाची देवनागरी प्रत ठेवून आलो आहे. पहिले सुत्त तिने स्वतः वाचून अर्थासह सांगावे, असे तिला कळविले आहे.